रेंज फुल, तरी नेट का चालत नाही?

कामशेतच्या बाजारपेठेत माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, काच बसवणं, चार्जिंगचा पिन बदलणं अशी कामं चालतात. नाणे मावळ आणि पवन मावळ या जवळच्या खोऱ्यांतून बाजाराला आलेली माणसं हमखास डोकावतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं दुरुस्तीचं काम नसतंच. फोन काउंटरवर ठेवून विचारतात, "ताई, रेंज फुल दाखवतोय, पण नेट चालत नाही. फोन गेला का?"

फोन सहसा ठणठणीत असतो. दुकान टाकायच्या आधी मी एका ठेकेदाराकडे ड्राइव्ह टेस्टचं काम करत होते. गाडीत लॅपटॉप आणि त्याला जोडलेले फोन घेऊन रस्त्यारस्त्याने जायचं, आणि कुठल्या वळणावर कुठल्या टॉवरचा सिग्नल किती येतो ते नोंदवत राहायचं, असं ते काम. मावळ तेव्हा पुष्कळ पालथा घातला. त्या कामातून जे कळलं तेच आता रोज काउंटरवर सांगते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या काड्या, त्यांच्याशेजारचं अक्षर आणि नेटचा खरा वेग या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टॉवरचा सिग्नल आपल्यापर्यंत किती जोराने पोचतोय हे काड्यांवरून कळतं. जोडणी कुठल्या पद्धतीची आहे हे अक्षरावरून कळतं. वेग मात्र कोपऱ्यात कुठेच लिहिलेला नसतो.

मावळात सगळ्यात जास्त विचारलं जाणारं अक्षर म्हणजे 'ई'. इंग्रजी वर्णमालेतला तो ई एज या पद्धतीचा, आणि एज म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, २जीच्या जाळ्यावर केलेली डेटाची सोय. पहिली पिढी १९८०च्या दशकातली, ॲनालॉग फोनांची. ती आपल्याकडे आलीच नाही. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ला झाला. मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून बोलले आणि दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांनी तो घेतला. तो कॉलही दुसऱ्या पिढीच्या जीएसएम जाळ्यावरच होता. ही पद्धत बोलण्यासाठी घडवलेली. दोनशे किलोहर्ट्झच्या एका पट्टीचे वेळेनुसार आठ भाग करायचे आणि एकेक भाग एकेका बोलणाऱ्याला द्यायचा. डेटा नंतर आला, आणि जे भाग बोलण्यातून मोकळे राहतील त्यांत त्याला बसवलं गेलं. त्याची पहिली सोय जीपीआरएस, कोपऱ्यात नुसता 'जी' दिसायचा तो हा. त्याचा वेग सेकंदाला ३०-४० किलोबिट. ई त्याच्या काही पट, चांगल्या सिग्नलला साधारण २०० किलोबिट.

हा आकडा ऐकून गिऱ्हाइकाला काही बोध होत नाही, म्हणून मी हिशेब मांडून दाखवते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. पिकाचा एक फोटो ३ मेगाबाइटचा धरा, म्हणजे २४ हजार किलोबिट. सेकंदाला २०० या दराने तो जायला दोन मिनिटं लागतात, तेही सगळं सुरळीत चाललं तर. आजची ॲप एवढा वेळ थांबत नाहीत, मधेच हात टेकून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतात. शेतात उभं राहून ई-पीक पाहणीच्या सरकारी ॲपवर पिकाचा फोटो चढवणाऱ्या माणसाच्या फोनवर ई असेल तर चूक त्याची नाही, ॲपचीही नाही. तीस वर्षांपूर्वी बोलण्यासाठी आखलेल्या पद्धतीवर तो आजचं काम करू पाहतोय.

"पण काल तर ४जी होतं, आज एकदम ई कसं? मधलं ३जी कुठे गेलं?" हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. तिसरी पिढी आपल्याकडे उशिरा आली. २००८च्या डिसेंबरात सरकारी एमटीएनएलने दिल्लीत ती सुरू केली, २०१०मध्ये खासगी कंपन्यांसाठी लहरींचा लिलाव झाला आणि सरकारच्या तिजोरीत ६७ हजार कोटींहून जास्त रक्कम आली. तेव्हाच्या फोनवर '३जी', 'एच' आणि 'एच प्लस' दिसायचं. एच म्हणजे त्याच तिसऱ्या पिढीतली वेगवान सुधारणा, आणि प्लस म्हणजे त्याहून पुढची. कागदोपत्री एच प्लसचा वेग सेकंदाला २१ मेगाबिट आणि पुढे ४२पर्यंत गेला. पण ४जी पसरल्यावर कंपन्यांना त्याच लहरी ४जीला वापरणं जास्त फायद्याचं वाटू लागलं. एअरटेलने २०१९-२०मध्ये ३जी गुंडाळलं, जिओने ते कधी आणलंच नाही. २जी मात्र साध्या बटणांच्या फोनसाठी राहिलं. त्यामुळे ४जीचा सिग्नल डोंगराआड गेला की फोन मधली पायरी नसल्याने थेट ईवर उतरतो. जिओच्या सिमला खाली २जीही नाही, म्हणून तिथे ४जी सुटलं की जोडणीच संपते. दोन शेजाऱ्यांपैकी एकाच्या फोनवर ई दिसतं आणि दुसऱ्याच्या फोनवर 'सेवा नाही' किंवा 'फक्त आपत्कालीन कॉल', याचं कारण एवढंच आहे.

४जी आणि एलटीई यांत फरक काय, असंही लोक विचारतात. आपल्या फोनवर काहीच नाही. एक कंपनी हे लिहिते, दुसरी ते. गंमत अशी की एलटीई जेव्हा आलं तेव्हा ते चौथ्या पिढीच्या अटीत बसत नव्हतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवलेली अट होती चालत्या गाडीत सेकंदाला १०० मेगाबिट आणि एका जागी एक गिगाबिट. सुरुवातीचं एलटीई तिथे पोचत नव्हतं. तरी जगभर जाहिराती ४जीच्या नावाने सुरू झाल्या आणि २०१०च्या डिसेंबरात संघाने हे नाव वापरायला हरकत नाही असं सांगितलं. अमेरिकेत एका कंपनीने तर २०१२मध्ये तिसऱ्या पिढीच्या एच प्लसवर चालणाऱ्या आयफोनमध्ये रातोरात '४जी' लिहून आणलं. फोन तोच, टॉवर तोच, फक्त कोपऱ्यातलं अक्षर बदललं. म्हणून मी म्हणते, अक्षर वाचावं, पण ते कोण लिहितं हेही लक्षात असावं.

आपल्या देशात ४जी २०१२च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात सुरू झालं आणि त्याच वर्षी पुण्यातही आलं, पण ते डोंगलमधून, मोजक्या लोकांसाठी. गावोगाव ते पोचलं ५ सप्टेंबर २०१६नंतर, जिओ सुरू झाल्यावर. त्याआधीच्या फोनमध्ये कॉल आला की ४जी सुटायचं, बोलणं खालच्या पिढीवर चालायचं आणि कॉल संपेपर्यंत नेट रखडायचं. आता कोपऱ्यात बारीक अक्षरात 'व्होल्टी' दिसतं, काही फोनवर 'एचडी'. ते दिसत असेल तर आपलं बोलणंसुद्धा डेटासारखंच ४जीवरून जातंय. ते दिसत नसेल आणि कॉल लावल्याबरोबर ४जीचं ई होत असेल, तर सेटिंगमध्ये व्होल्टी बंद पडलंय. माझ्याकडे येणाऱ्या 'बोलताना नेट बंद होतं' या तक्रारी बहुतेक एवढ्यावरच मिटतात, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

५जी १ ऑक्टोबर २०२२ला आलं. त्याचं चिन्ह सगळ्यांत फसवं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ५जी दोन तऱ्हांनी देता येतं. एका तऱ्हेत जोडणीचा सांगाडा ४जीचाच राहतो आणि डेटा वाहायला ५जीचा एक पट्टा वरून जोडला जातो. एअरटेलने सुरुवात अशी केली. दुसऱ्या तऱ्हेत सांगाडाही ५जीचाच, तशी सुरुवात जिओने केली. पहिल्या तऱ्हेत ४जीचा टॉवर आपल्या सिग्नलसोबत 'माझ्याकडे ५जी जोडता येईल' अशी एक छोटी खूण पाठवत असतो. पुष्कळ फोन ती खूण मिळाल्याबरोबर कोपऱ्यात ५जी लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या क्षणी ५जीचा एक बिटही तुमच्याकडे आलेला नसेल. तुम्ही तळमजल्यावरच्या जाड भिंतीच्या खोलीत असाल तर तो येणारही नाही, पण चिन्ह तसंच राहील.

दुसरी गोष्ट लहरींची. ५जीचा मोठा पट्टा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिथे एका कंपनीकडे १०० मेगाहर्ट्झ रुंदीची जागा असू शकते, म्हणून तिथे खरोखर मोठा वेग मिळतो. पण त्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. ती भिंतीत, झाडीत लवकर मरते आणि डोंगराच्या कडेवरून फारशी वळत नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटीमीटरची. ती लांब जाते, घरात शिरते, टेकडीच्या आडोशालाही थोडी उतरते. २०२२च्या लिलावात ७००चा पट्टा फक्त जिओने घेतला, आणि तिथली रुंदी १० मेगाहर्ट्झ. म्हणजे तळेगाव स्टेशनजवळचं ५जी आणि डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवरचं ५जी यांच्या वेगात दहापट अंतर असू शकतं, आणि कोपऱ्यातलं अक्षर दोन्हीकडे अगदी सारखं.

मावळची जमीनच अशी आहे की इथे लहरींचं शास्त्र डोळ्यांनी बघायला मिळतं. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तीन खोरी. मधे डोंगरांच्या रांगा. हमरस्ता आणि रेल्वे यांच्या कडेने टॉवर दाट आहेत, कारण तिथून माणसं सतत जातात. खोऱ्यात आत जाल तसे ते विरळ होतात. टाकवेहून खांडीकडे किंवा नाण्याहून जांभवलीकडे जाताना रस्ता एखाद्या डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो आणि फोन दहा-वीस पावलांत ४जीवरून ईवर येतो. त्याचं कारण अंतर नसतं, ती सोंड असते. तोच टॉवर पवना धरणाच्या पलीकडे असेल तर मात्र कित्येक किलोमीटरवरून स्वच्छ मिळतो, कारण मधल्या सपाट पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. पवनेच्या काठावर तंबू टाकून राहणाऱ्यांच्या फोनला समोरच्या काठाचा टॉवर लागतो तो असा.

अशा लांबच्या टॉवरचा एक दोष काड्यांत दिसत नाही. टॉवरचा एकेक पट्टा वीस-चाळीस वॉटने बोलतो. तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. त्यामुळे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला येत नाही. पडद्यावर काड्या आहेत, आलेले मेसेज दिसतात, पण पाठवलेला फोटो घड्याळाचं चिन्ह लावून बसून राहतो. शिवाय फोन पूर्ण जोर लावत असल्याने गरम होतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. ई असलेल्या गावात तर जास्तच, कारण २जीच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात कॉल करताना फोन २ वॉटपर्यंत जोर लावू शकतो. "ताई, गावी गेलं की बॅटरी टिकत नाही, बदलून द्या" असं कुणी म्हटलं की मी आधी गाव विचारते.

काड्यांचं जगभर एकच असं माप नाही, हेही सांगायला हवं. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. २०१०मध्ये ॲपलने जाहीरपणे कबूल केलं होतं की त्यांच्या आयफोनमधलं काड्यांचं सूत्र चुकीचं आहे आणि फोन हव्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवतो. शिवाय २जीच्या चार काड्या आणि ४जीच्या चार काड्या वेगवेगळ्या गोष्टी मोजून काढलेल्या असतात. ईवर उतरल्यावर काड्या वाढलेल्या दिसतात त्या त्यामुळेच. लोकांना वाटतं रेंज सुधारली. प्रत्यक्षात जोडणी खाली आलेली असते.

आता लोणावळ्याकडे येऊ. पावसाळ्यातला रविवार, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाणी सुरू झालेलं, खाली वाहनांच्या रांगा. फोनवर ५जी, काड्या पूर्ण, आणि चिक्कीच्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन केल्यावर चकरी फिरतच राहते. इथे सिग्नल कमी नाही, वाटेकरी जास्त आहेत. ४जीचा एक पट्टा १० मेगाहर्ट्झ रुंद असेल तर टॉवरची एक बाजू सगळ्यांना मिळून सेकंदाला साधारण ७५ मेगाबिट देऊ शकते, तेही उत्तम परिस्थितीत. त्या बाजूला एकाच वेळी ३०० फोन काहीतरी मागत असले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव मेगाबिट येतो, म्हणजे जवळजवळ ईचाच वेग. द्रुतगती मार्ग सहा पदरी आहे हे फलकावर खरं लिहिलेलं असतं, पण रविवारी संध्याकाळी खंडाळा घाटात तुम्ही किती वेगाने जाल हे फलक सांगत नाही. ५जीचं अक्षरही असंच.

त्या गर्दीत पैसे देण्याचं काम का अडतं, याचाही विचार करावा. यूपीआयला डेटा अगदी थोडा लागतो, पण तो ठरावीक वेळात जाऊन परत यावा लागतो. शेजारी दहा जण धबधब्याचे व्हिडिओ चढवत असले की तुमची ती चिमूटभर मागणी रांगेत मागे पडते. लोणावळ्यातल्या दुकानदारांना मी सांगते, साउंडबॉक्सचं सिम आणि आपल्या फोनचं सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी अडकायची शक्यता कमी होते. गिऱ्हाइकाला सांगते, फोन हाताने ४जीवर आणून बघा. सगळे ५जीच्या पट्ट्यावर धावत असताना कधीकधी जुना पट्टा मोकळा सापडतो. आणि नेटच नसेल तर *९९# आहे. साध्या सिग्नलवर, इंटरनेटशिवाय, बँकेशी व्यवहार करण्याची ही सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पावसाबद्दल मात्र एक गैरसमज मावळात घट्ट आहे. "पाऊस लागला की रेंज जाते" असं सगळे म्हणतात, आणि अनुभव खराच आहे, पण कारण वेगळं आहे. आपल्या फोनपर्यंत येणाऱ्या ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब जवळपास अडवत नाहीत. अडतो तो टॉवरच्या मागचा रस्ता. रस्त्याकडेच्या टॉवरना फायबर असतं, पण डोंगरातले अनेक टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्हच्या गोल तबकड्यांनी जोडलेले असतात. टॉवरवर उभ्या आयताकृती पेट्या दिसतात त्या आपल्या फोनसाठी, आणि ढोलकीच्या तोंडासारखी गोल तबकडी दिसते ती दुसऱ्या टॉवरशी बोलण्यासाठी. या तबकड्यांच्या लहरी दहा-वीस हजार मेगाहर्ट्झच्या, दीड ते तीन सेंटीमीटर लांबीच्या. लोणावळ्याचा धुवांधार पाऊस त्यांना खरोखर खातो. त्यातच वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, मग डिझेल जनरेटरवर. आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी चिखलाच्या रस्त्यावर अडकली तर टॉवर बंद पडतो. तबकडीची लिंक तुटली आणि टॉवर चालू राहिला, तर फोनवर काड्या पूर्ण दिसतात, ४जी दिसतं, आणि बाजूला एक उद्गारचिन्ह येतं.

त्या उद्गारचिन्हाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते कोपऱ्यातली ती सगळ्यात कामाची खूण आहे. अँड्रॉइड फोन टॉवरशी जोडला गेला की आपल्याला न सांगता इंटरनेटवरच्या एका सर्व्हरकडे छोटीशी चौकशी पाठवतो. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर उद्गारचिन्ह लावतो. म्हणजे टॉवरपर्यंत रस्ता आहे, पुढे नाही. अशा वेळी घराच्या गच्चीवर चढून काही उपयोग नाही. त्याउलट उद्गारचिन्ह नाही, काडी मात्र एकच आहे, तर गच्चीवर नक्की जा. दोन पावलं इकडे तिकडे सरकलात तरी फरक पडतो, कारण डोंगरावरून आणि भिंतीवरून उलटून आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात आणि हातभर अंतरावर एकमेकींना जोर देतात. अक्षराजवळचे दोन छोटे बाण तर अगदी सरळ आहेत. खालचा उजळला की डेटा येतोय, वरचा उजळला की जातोय. दोन्ही विझलेले असतील तर त्या क्षणी काहीच येत-जात नाही.

ट्रेकला येणाऱ्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लोहगड, विसापूर हजार मीटरांहून उंच आहेत, आणि वर गेल्यावर रेंज उत्तम मिळेल असं प्रत्येकाला वाटतं. काड्या मिळतातही. पण टॉवरच्या पेट्या मुद्दाम खाली झुकवलेल्या असतात, वस्तीकडे. गडाच्या माथ्यावर तुम्ही त्यांच्या झोताच्या वर असता, आणि तळेगावपासून पवनानगरपर्यंतच्या कितीतरी टॉवरचे कडेकडेचे सिग्नल एकदम, जवळपास सारख्याच जोराने येऊन आदळतात. ते एकमेकांत मिसळतात, फोन एकाला धरतो, सोडतो, दुसऱ्याला धरतो. राजमाचीवर तर घाटाखालचे कोकणातले टॉवरही दिसतात. त्यात २जीला अंतराची एक ठाम मर्यादा आहे, सुमारे ३५ किलोमीटर. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने जाऊनही जायला-यायला वेळ लागतो, आणि पद्धतीत त्या विलंबासाठी तेवढीच जागा ठेवलेली आहे. त्यापुढचा टॉवर कितीही स्वच्छ आला तरी त्यावर कॉल लागत नाही.

म्हणून गडावर अडचण आली तर व्हिडिओ कॉलच्या मागे लागू नये. 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर ती आशेची खूण आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि ११२ लावला तर फोन त्याच्यावरून कॉल नेतो. डेटा चालत नसेल तर साधा एसएमएस पाठवा. तो अगदी छोटा असतो, मार्गही वेगळा घेतो, आणि एका क्षणाचा सिग्नल मिळाला तरी निघून जातो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमन लिपीत १६०. म्हणून जागेचं नाव, किती माणसं आणि काय झालं एवढंच लिहा. जीपीएसला मोबाइलचं जाळं लागत नाही, ते उपग्रहांवर चालतं. होकायंत्राच्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात, ते त्या मेसेजमध्ये टाका. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या शोध-बचाव करणाऱ्या पथकांना पाऊस आणि धुक्यात हे आकडे किती मोलाचे असतात हे इथल्या कुणालाही विचारा. आणि २०२३मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने किंचाळले होते, आठवतं? ती सरकारची चाचणी होती. तो इशारा टॉवर एकदाच सगळ्यांना मिळून पाठवतो, प्रत्येकाला वेगळा नाही. त्यामुळे भुशी धरणावर कितीही गर्दी असली तरी तो रखडत नाही.

सिग्नल स्वतः मोजायचा असेल तर त्यालाही फार काही लागत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनची माहिती, त्यात सिमची स्थिती, आणि तिथे सिग्नलची ताकद उणे आकड्यात लिहिलेली असते. ४जीसाठी उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १०० चालण्याजोगा, उणे ११०ला रडतखडत, उणे १२०ला जोडणी तुटते. दहाचा फरक म्हणजे दहापट. उणे ८० आणि उणे ११० यांत सिग्नल हजारपटीने कमी झालेला असतो, जरी काड्या दोनच कमी दिसल्या तरी.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण खोऱ्यातल्या माणसाच्या तक्रारीला त्यातून वजन येतं. २०२०च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली. सिंधुदुर्गातली एक मुलगी डोंगरावर झोपडी बांधून शिकत होती, तिची बातमी राज्यभर झाली. मावळातल्या वाड्यांवरची मुलंही तेव्हा टेकाडावर बसून धडे ऐकत होती, त्यांची बातमी झाली नाही. तेव्हापासून टॉवर वाढले आहेत. २७ सप्टेंबर २०२५ला बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी ९७ हजारांहून जास्त टॉवरवर सुरू झाल्याचं जाहीर झालं. पण आपल्या वाडीवर काय आहे ते आपणच तपासायला हवं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या जवळचे टॉवर आणि त्यांवर कुठली पिढी चालते ते पाहता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या नियमांनी कंपन्यांनाही आपापल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी कुठे मिळतं याचे नकाशे ठेवणं भाग पाडलं आहे. नकाशात रंग असेल आणि अंगणात उणे ११८ येत असेल, तर ती तक्रार कंपनीला झटकून टाकता येत नाही.

तक्रार १९८ क्रमांकावर करायची. पलीकडचा माणूस फोन बंद करून चालू करायला सांगेल. ते आधीच करून ठेवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, कारण पुढे अपील करायचं झालं तर तो लागतो. "नेट चालत नाही" एवढं म्हणून भागत नाही, म्हणून मी दुकानात लोकांना एक चिठ्ठी लिहून देते, ती समोर धरून त्यांनी बोलावं: गाव आणि वाडी, घरात की अंगणात, दिवस आणि वेळ, कोपऱ्यात कुठलं अक्षर होतं, उद्गारचिन्ह होतं का, सिग्नलचा आकडा किती, आणि वीज होती की गेलेली.